त्सेलेच्या तळघरातली पणजी

नवऱ्याचं जर्मनीतल्या हॅनोवरच्या औद्योगिक मेळ्यात यंत्रं बघणं सुरू होतं. मी दोन हॉल फिरून कंटाळले आणि लोकल गाडीने त्सेलेला गेले. लाकडी चौकटींची जुनी घरं ओळीने उभी, फोटो काढायला एकदम छान. गर्दी सहलीच्या बसमधून उतरलेल्या आजी-आजोबांची, त्यामुळे धक्काबुक्की नाही. गाव इतकंच. मी आले होते चर्चखालच्या तळघरासाठी. ते ठरावीक वेळीच उघडतं, तेव्हा वेळ आधी बघून जा, एवढाच सल्ला.

खाली सरदारी थाटाच्या, नक्षीदार शवपेट्या. त्यांत एक अगदी साधी, शिशाची. ती सोफिया डोरोथेआची. त्सेलेच्या ड्यूकची एकुलती लेक, 1682 मध्ये सोळाव्या वर्षी चुलतभाऊ गेओर्ग लुडविग या हॅनोवरच्या राजपुत्राला दिलेली. कारण प्रेम नव्हे, वाटण्या झालेली इस्टेट पुन्हा एकत्र करायची होती. हा हिशोब आपल्याकडेही कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

नवऱ्याची उघड रखेल होतीच. हिचं मन काउंट क्योनिग्समार्क या स्वीडिश सरदारावर बसलं. जुलै 1694 मध्ये एका रात्री तो हॅनोवरच्या राजवाड्यात शिरला आणि नाहीसा झाला. आज त्याच वाड्यात राज्याची विधानसभा भरते. त्याच वर्षाच्या अखेरीस घटस्फोट झाला. निकालात काउंटचं नावच नाही. ही नवऱ्याबरोबर नांदत नाही, एवढाच ठपका. पुनर्विवाहाला बंदी, आणि नजरकैद आल्डेन गावच्या वाड्यात. अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी. दोघंही तिला पुन्हा कधीच भेटली नाहीत. आई भेटायला यायची, सख्खे वडील एकदाही नाही. मला राग आला तो या बापाचा, नवऱ्याचा नंतर.

बग्गीतून फिरायला मिळे, पण पहाऱ्यात. 1715 मध्ये आल्डेनला आग लागली, तर गाव पुन्हा उभं करायला तिने बरेच पैसे दिले. तोवर नवरा इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज झालेला, आणि ती रखेल त्याच्याबरोबर लंडनला. ही तीस वर्षांहून जास्त आल्डेनलाच, नोव्हेंबर 1726 मध्ये मरेपर्यंत. हॅनोवरला सुतक पाळायचं नाही, असा राजाचा हुकूम सुटला. पुढे मे महिन्यात पेटी रात्रीच्या अंधारात, काही विधी न करता इथे आणली. लेक तोवर प्रशियाची राणी. तिच्या बर्लिनच्या दरबाराने सुतक पाळलं, तर त्यावरही तिचा बाप, म्हणजे जॉर्ज, चिडला!

त्याच तळघरात कॅरोलिन माटिल्डा आहे, हिची पणती. डेन्मार्कची राणी असताना तीही राजाचा डॉक्टर स्ट्रुएन्झे याच्या प्रेमात पडली. त्याचं डोकं उडवलं, तिला त्सेलेला पाठवलं, आणि 1775 मध्ये तेविसाव्या वर्षी ती तापाने गेली. गावच्या फ्रेंच बागेत पणतीचं देखणं स्मारक उभं आहे. पणजीच्या वाट्याला साधी पेटी. मला हे जरा लागलंच.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, उद्या हेरेनहाउझेनची बाग बघू, तिथेच त्या जॉर्जची समाधी आहे म्हणे." बागेत गेलो. कारंजं खरोखर उंच उडतं, तिकिटाचे पैसे वसूल. समाधीकडे मी काही फिरकले नाही.