रुडबेकियाचा हंगाम: शंकूकडे पाहून घेतलेले निर्णय

ब्लॅक-आयड सुसान, म्हणजेच रुडबेकिया हिर्टा, या फुलझाडाचा यंदाचा हंगाम आता बी धरण्याच्या टप्प्यावर आला आहे. पेरणीपासूनच्या नोंदी पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती अशी की कळी दिसू लागल्यानंतरचे जवळजवळ सगळे निर्णय फुलाच्या मधल्या गडद तपकिरी शंकूकडे पाहून घेता येतात. ब्लॅक-आयड सुसान याच नावाने थनबर्जिया अलाटा ही केशरी फुलांची वेलही ओळखली जाते, परंतु ती अगदी वेगळ्या कुळातील असल्याने या नोंदी तिला लागू होणार नाहीत.

बी काळे, बारीक आणि जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे असते. उजेड मिळाल्यास ते अधिक चांगले रुजते, म्हणून ते मातीत न गाडता ओलसर मिश्रणावर पसरून हलकेच दाबले आणि पाणी फवाऱ्यानेच दिले. तापमान 20 ते 22 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर एक ते तीन आठवड्यांत उगवण होते. रोपे वाफ्यात लावताना 30 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवले आणि खत मुद्दाम बेताचेच दिले, कारण जास्त नत्र मिळालेली रोपे पानांनी फोफावतात आणि त्यांचे दांडे पुढे लवतात.

लागवडीनंतरचा काळ संयमाचा असतो. रोप जमिनीलगत केसाळ, खरखरीत पानांचा गोल घेर करून बसते आणि बराच काळ वर सरकण्याचे नावच घेत नाही. हिर्टा ही दीर्घदिनी वनस्पती असल्यामुळे दिवस साधारण 14 तासांच्या पुढे गेल्याशिवाय तिचा फुलांचा दांडा सहसा सुटत नाही. हे पडताळून पाहण्यासाठी मी कुंडीतील काही रोपांना मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिव्याचा उजेड दिला, आणि त्या रोपांचे दांडे वाफ्यातील रोपांच्या आधी वर आले. ज्यांच्याकडे दिवस तितका मोठा होत नाही, त्यांनी रोप नुसतेच पानांवर राहिले म्हणून त्याला आणखी खत घालण्याऐवजी हा उपाय अवश्य करून पाहावा.

पहिले फूल उमलले तेव्हा मी भिंग घेऊन शंकू पाहिला. आपण ज्याला एक फूल म्हणतो त्याच्या मध्यभागी शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात आणि ती तळाकडून टोकाकडे, एकेका वलयाने उमलतात. प्रत्येक सूक्ष्म फूल आधी पराग बाहेर ढकलते आणि मग त्याच्या कुक्षीची, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाची, दोन टोके उलगडतात, त्यामुळे तपकिरी शंकूवर परागाचे पिवळे कडे रोज थोडे वर चढत गेलेले स्पष्ट दिसते. पाकळ्या आपल्याला सलग पिवळ्या दिसतात, पण त्यांच्या बुडाकडचा भाग अतिनील किरण शोषून घेतो आणि मधमाशीला तेथे गडद वर्तुळ दिसते. या शोषणामागे फ्लेव्होनॉल वर्गातील रंगद्रव्ये असल्याचे 1972 मध्ये दाखवून देण्यात आले. एवढ्या साध्या दिसणाऱ्या फुलात इतकी रचना सामावलेली आहे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

फुलदाणीसाठी फुले कापताना हेच पिवळे कडे उपयोगी पडते. पाकळ्या पूर्ण पसरल्या आहेत, पण कडे अजून शंकूच्या तळाशीच आहे, अशी फुले सकाळी कापली तर ती आठवडाभर सहज टिकतात. कडे टोकाला पोहोचलेली फुले मात्र पाण्यात लवकर मान टाकतात. केसाळ पाने बुडून पाणी पटकन नासते, म्हणून दांड्याचा पाण्यातला भाग पूर्ण साफ करावा आणि पाणी वरचेवर बदलावे. पाकळ्या सुकताना आक्रसतात, शंकू मात्र आकार सोडत नाहीत, त्यामुळे सुक्या रचनेसाठी पाकळ्या खुडून नुसते शंकूच ठेवावेत, असे माझे मत आहे.

दाटीच्या कोपऱ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली. बाधित पाने काढून टाकली, मधली काही रोपे विरळली आणि पाणी फक्त बुंध्याशी देऊ लागलो, त्यानंतर नवी पाने स्वच्छ आली.

आता अर्ध्या रोपांवरची सुकलेली फुले खुडणे सुरू आहे, म्हणजे नवा बहर येत राहील, आणि उरलेल्या रोपांवर बी पिकू देत आहे. शंकू करडा पडून बोटांनी चोळताच सुटू लागला की बी तयार झाले असे समजावे. या बियांना उडण्यासाठी तंतू नसल्याने त्या झाडाखालीच गळतात, म्हणून शंकूंवर कागदी पिशव्या बांधल्या आहेत. हे झाड मुख्यतः परपरागणाने, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने, बी धरते, त्यामुळे तांबूस छटांच्या ‘चेरोकी सनसेट’ या वाणाचे बी साध्या पिवळ्या रोपांच्या बियांपासून वेगळे ठेवले असले, तरी पुढील पिढीत रंगांची सरमिसळ होणारच. त्यातील गडद फुलांची रोपे निवडून त्यांचेच बी पुढे चालवण्याचा विचार आहे.