पुढे गेलेली वेळ मागे येते तेव्हा

जुलैतला शनिवार, मुंबईचं टर्मिनल 2. सकाळी आठच्या आधीपासून विमानं उतरण्याच्या वाटेवर वादळी ढग ठाण मांडून होते आणि वाऱ्याचे झोत 30 नॉटच्या वर जात होते. मुंबईच्या 09/27 आणि 14/32 या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवावी लागते. दोन विमानांनी गो-अराऊंड घेतला, म्हणजे न उतरता ती पुन्हा वर गेली, की मागची सगळी रांग घिरट्या घालू लागते. आमच्या कंपनीचं दिल्लीहून येणारं ए320 इंधनाचा हिशोब संपत आला तसं 8:50 ला अहमदाबादकडे वळलं.

त्या विमानाच्या दिवसभराच्या साखळीत पुढे गोव्याची फेरी होती आणि मग 13:30 चं नागपूर. अशा वेळी प्रणाली सरळ बेरीज मांडते. अहमदाबादहून परत 12:15, टर्नअराऊंडची (उतरलेलं विमान पुढच्या उड्डाणाला तयार करण्याची) 40 मिनिटं, गोव्याला जाऊन यायला 3 तास 10 मिनिटं, पुन्हा 40 मिनिटं, म्हणजे नागपूर 16:45. 9:31 ला नागपूरच्या 168 प्रवाशांना तसा एसएमएस गेला. बेरीज बिनचूक होती. फक्त नागपूरला हेच विमान जाणार, हे तिने धरून टाकलं होतं.

पण सव्वातीन तास उशीर मुकाट्याने सोसणारं कंट्रोल, म्हणजे कुठलं विमान कुठल्या फेरीला लावायचं ते ठरवणारा विभाग, अजून पाहिलेलं नाही. 11:40 ला टेल, म्हणजे त्या फेरीला नेमलेलं विमान, बदलली. दुसऱ्या फेरीतून मोकळं होणारं विमान नागपूरला लावलं आणि नवी वेळ ठरली 14:05. टर्मिनलच्या पडद्यांवर ती दोन मिनिटांत झळकली, मोबाईलवर मात्र नाही. आमच्या नोटिफिकेशनचा नियम उशीर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला होता: वेळ 15 मिनिटांहून जास्त पुढे गेली तर मेसेज आपोआप जाईल. वेळ अलीकडे आली तर अॅपमधल्या स्टेटसच्या पानावर आकडा गुपचूप बदलेल, पण फोन वाजणार नाही. तो मेसेज कुणीतरी हाताने सोडायचा असतो. त्या गडबडीत तो सुटला 12:52 ला. ठाण्यात जेवायला बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? गेट 13:40 ला बंद होणार होतं.

विमानांचा माग काढणारी बाहेरची अॅप्सही कामी आली नाहीत. विमान 1090 मेगाहर्ट्झवर आपली जागा आणि उंची सतत प्रसारित करत असतं. त्यावरून विमान कुठे आहे ते नेमकं कळतं. पण कुठलं विमान कुठल्या फेरीला जाणार, ही जोडी अॅप दुसरीकडून आणतं. आमच्या प्रवाशांपैकी बऱ्याच जणांकडे असलेल्या एका अॅपने जुन्याच विमानाचा व्हीटी नंबर (नोंदणी क्रमांक) धरून ठेवला होता. (त्याच अॅपने सकाळी दिल्लीच्या विमानापुढे ‘लँडेड’ लिहिलं होतं. विमान उतरलं होतं हे खरंच, पण अहमदाबादला. आगमन कक्षाबाहेर नातेवाईक हारतुरे घेऊन ताटकळत उभे होते.)

13:40 ला विमानात 121 जण होते. 47 गायब. टर्मिनल सायलेंट, बोर्डिंगची घोषणा होत नाही. मग ग्राउंड स्टाफने नागपूरचे फलक हातात धरून फूड कोर्ट, लाउंज, पुस्तकांचं दुकान पालथं घातलं. 19 सापडले. त्यातले सहा-सात जण तर आमच्याच काउंटरवर, सकाळचा एसएमएस दाखवून खाण्याचं कूपन मागत उभे होते. त्यांचंही चूक नाही. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं, आणि हातातल्या मेसेजप्रमाणे उशीर सव्वातीन तासांचा होता.

उरलेल्या 28 पैकी 24 विमानतळावर आलेच नव्हते. चौघं आत येऊनही सापडले नाहीत आणि त्यांच्या बॅगा विमानात चढल्या होत्या. प्रवासी नाही तर त्याची बॅगही जाऊ द्यायची नाही, हा सुरक्षेचा नियम. या विमानात सामान कंटेनरमध्ये नव्हे, सुटं भरलेलं असतं. लोडरना दीडशेच्या ढिगातून टॅग वाचत पाच बॅगा शोधायच्या होत्या, तेही पावसात. विमान 14:38 ला हललं. उशीर 68 मिनिटांचा. त्यातली 35 मिनिटं उशिराच्या कारणांच्या यादीतल्या कोड 93 खाली, म्हणजे मागच्या फेरीचं विमान वेळेत न आल्यामुळे, आणि 33 कोड 15 खाली, चेक-इन केलेला प्रवासी गेटवर न आल्यामुळे. दुसऱ्या कोडवरून दोन विभागांत आठवडाभर वाद रंगला.

गंमत एका पाच जणांच्या कुटुंबाची. तिकिटं एजंटकडून काढलेली, बुकिंगमध्ये नंबर एजंटचा. त्यांना एकही मेसेज मिळाला नाही. ते मूळ वेळेप्रमाणे आले, पडदा वाचला आणि चढले. एरवी हीच चूक प्रवाशाला नडते: विमान रद्द झाल्याचा मेसेज एजंटच्या फोनवर पडून राहतो. तिकीट हातात आलं की नंबर आपलाच आहे ना, ते आधी बघावं.

ज्यांचं विमान चुकलं त्यांना संध्याकाळच्या फेरीत पैसे न घेता बसवलं, कारण 9:31 चा मेसेज आमच्याच नोंदीत होता. ज्यांनी त्याचा स्क्रीनशॉट ठेवला होता त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. फक्त बाहेरच्या अॅपवर विसंबलेल्यांशी बराच वेळ हुज्जत झाली.

त्यानंतर नियम बदलून घेतला. विमान दुसरीकडे वळलं की पुढच्या फेऱ्यांची वेळ, टेल पक्की होईपर्यंत, ‘अंदाजे’ म्हणूनच जाते. वेळ 10 मिनिटांनी अलीकडे आली तरी फोन वाजतो. मेसेजमध्ये एक ओळ वाढली: पर्यायी विमान मिळाल्यास वेळ अलीकडे येईल, चेक-इन मूळ वेळेप्रमाणेच बंद होईल. ही शेवटची अट आधीही होती, पण तिकिटाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

जुनं ए320 गोव्याहून परत आलं आणि 17:02 ला कोलकात्याला उडालं. त्या अॅपच्या लेखी ते अजून नागपूरचंच होतं. नागपूरला पोहोचून तासभर झालेल्या 140 जणांपैकी ज्यांच्याकडे ते अॅप होतं, त्यांच्या फोनवर सूचना आली: तुमचं विमान मुंबईहून निघालं आहे.