गाढवांच्या वाटेने, 588 पायऱ्या

सात रात्री क्रूझवर काढल्या. समुद्राकडे उघडणारी बाल्कनी, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत न थांबणारं खाणं, दिवसातून दोनदा कुणीतरी आवरून ठेवलेली खोली. एवढं सगळं भोगून आल्यावर कुणी विचारलं, "कशी झाली ट्रिप?" की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "लीद".

सोबत मावशी होती. वय 68, गुडघे तिच्या म्हणण्यानुसार ठणठणीत, माझ्या म्हणण्यानुसार संशयास्पद. क्रूझ तिची हौस होती, मी सोबत म्हणून गेले होते, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे बाल्कनीचा फोटो बघून मीच आधी पाघळले होते.

जहाज इस्तंबूलहून सुटलं. तिथलं गलातापोर्टचं टर्मिनल चक्क जमिनीखाली आहे. तपासणी, शिक्के, सामान सगळं तळघरात उरकतं आणि वर धक्क्यावर लोक आपले निवांत फिरत असतात. चढल्या चढल्या आणीबाणीची कवायत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की आपापल्या जागी जमायचं. बाकीचे प्रवासी मोबाइल बघत उभे होते. मावशीने मात्र ते इतकं मनावर घेतलं की रात्री झोपेपर्यंत ती दोनदा जमण्याच्या जागेपर्यंत जाऊन आली.

मग तुर्कीतलंच कुशादासी, तिथून बसने इफेसस हे प्राचीन शहर. एकेकाळचं हे मोठं बंदर. नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे ढकलला आणि बंदर कोरडं पडलं. सेल्ससच्या ग्रंथालयासमोर उन्हात उभं राहून मी गाइडचं ऐकत होते असं फोटोत तरी दिसतंय. ऱ्होड्स या ग्रीक बेटावरचा दिवस सगळ्यात छान गेला. बोटीतून उतरलो, समोरच जुन्या शहराचा तट, आत सरदारांची दगडी गल्ली, सावलीला बाक. म्हणूनच त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आणि मग सँटोरिनी.

मोठी क्रूझ जहाजं इथे धक्क्याला लागत नाहीत. हे बेट म्हणजे ज्वालामुखीचं उरलेलं कडं. सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात मधला भाग कोसळला आणि त्यात समुद्र शिरला. पाणी इतकं खोल की नांगर टाकायची सोय नाही, जहाज नुसतं तरंगत उभं असतं. छोट्या बोटींनी किनाऱ्यावर न्यायचं, त्याला टेंडर म्हणतात. सकाळी नाट्यगृहात टेंडरचे नंबर वाटले. ज्यांनी जहाजाकडून महागडी सहल घेतली होती ते आधी, आम्ही फुकटे नंतर. हा सगळा ऐषआराम पायरी-पायरीने विकायचा धंदा आहे, हे तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. टेंडरमध्ये मी फोनवर वाचत होते की 2007 मध्ये 'सी डायमंड' नावाचं क्रूझ जहाज याच पाण्यात खडकावर आदळून बुडालं आणि अजून खालीच आहे. मावशीला सांगितलं नाही. तिने तिथेही जमण्याची जागा शोधली असती.

खालच्या जुन्या बंदरावरून वर कड्यावरच्या गावात जायला तीन मार्ग: केबल कार, गाढव किंवा पायऱ्या. केबल कारच्या एका डब्यात सहा माणसं, वर जायला तीन-चार मिनिटं. त्या तीन-चार मिनिटांसाठी आम्ही तासभर रांगेत उभ्या होतो. वरच्या गावाचं नाव फिरा, आणि फिरायला जागा नाही. पांढऱ्या भिंती, निळे घुमट, खाली ते काळंनिळं पाणी, सगळं फोटोतल्यासारखंच. फक्त फोटोत न दिसणारी माणसं खांद्याला खांदा लावून उभी. बेटाची वस्ती 15 हजारांच्या आसपास आणि 2025 पासून क्रूझवाल्यांवर मर्यादा घातली आहे, दिवसाला 8000. मर्यादा घातल्यावर 8000! शिवाय ऐन हंगामात माणशी 20 युरो कर. मी गर्दीच्या नावाने बोटं मोडत होते. "आपणही त्या आठ हजारांतल्याच ना गं?" मावशीने विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पावणेतीनला परतीच्या रांगेशी आलो तर रांग दोन गल्ल्या ओलांडून मागे गेलेली. शेवटचं टेंडर साडेचारला. पुढचा माणूस म्हणाला, दीड तास धरा.

"चालत जाऊ," मावशी म्हणाली.

"वेड लागलंय का? गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. सकाळीच म्हणत होते, तू ऐकलं नाहीस."

म्हणजे खरंच म्हणत होती. मी फोटो काढत होते.

पायऱ्या 588. रुंद, उतरत्या, गोट्यांनी भरलेल्या, आणि कडेचे दगड खुरांनी घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. त्यावर ओली लीद. दर वळणाला बांधलेली गाढवं आणि खेचरं, माश्या आणि तो वास, जो नाकात न राहता थेट घशात उतरतो. मावशीने ओढणी नाकाला बांधली आणि मोजत निघाली. "एक, दोन, तीन..." वरून गळ्यातल्या घंटा वाजल्या की ओरडायची, "भोंगा!" आणि दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या. आठ-दहा जनावरं एकामागून एक, सोबत माणूस नाही, आपल्याच तंद्रीत खाली येणारी. त्यातल्या एकाच्या खोगिराने माझी कोपरापासून मनगटापर्यंत साल काढली. ते थांबलंसुद्धा नाही. का थांबावं? त्याची कितवी फेरी होती कुणास ठाऊक.

ग्रीसमध्ये 2018 पासून नियम आहे, या जनावरांवर 100 किलोपेक्षा जास्त भार लादायचा नाही. हे मावशीला सांगितलं आणि पस्तावले. त्यानंतर वर जाणाऱ्या प्रत्येक स्वाराकडे बघून ती मोठ्याने निकाल द्यायला लागली. "हा बसतो. हा काठावर. हा नाही बाई, उतर म्हणावं!" मराठी कुणाला कळत नाही यावर तिचा ठाम विश्वास.

निम्म्यात माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. पाय टेकला की गुडघा आपोआप लटलटायचा. मी एका वळणावर खाली बसले, कशावर बसतेय हेही न बघता. मावशी तीन पायऱ्या खाली गेली होती, ती परत वर चढून आली. काही बोलली नाही. हात पुढे केला, आणि तिथून बंदरापर्यंत सोडला नाही. मोजणीही तिने थांबवली नाही. तिच्या हिशेबाने 594 भरल्या. माझं बसणं आणि तिचं परत वर येणं मध्ये धरलं तर बरोबर असेल.

चार वाजून दहा मिनिटांनी टेंडर मिळालं. जहाजाच्या दाराशी गार ओले रुमाल आणि लिंबूपाणी घेऊन एक पोरगा उभा होता. त्याने हसून आमचं स्वागत केलं, मग आमच्या बुटांकडे पाहिलं आणि हसू तसंच ठेवून एक पाऊल मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी मिकोनोसला उतरलेच नाही. पवनचक्क्या बाल्कनीतून दिसल्या, तेवढ्या पुरल्या. शेवटी अथेन्सचं पिरेयस बंदर, टॅक्सी, विमानतळ. आता कुणी सल्ला मागितला तर मी ठासून सांगते की सँटोरिनी बघायचं तर तिथे चार दिवस राहायला जा, जहाजाने जाऊ नका. हे सांगताना लॅपटॉपवर पुढच्या क्रूझच्या बाल्कन्या उघड्या असतात, ते सोडा.

सँटोरिनीच्या त्या रात्री जेवून खोलीत आलो तर पलंगावर टॉवेलची घडी घालून रोजच्यासारखा एक प्राणी केलेला होता. लांब कान, खाली झुकलेलं तोंड. मी म्हटलं, कुत्रा असेल. मावशीने चष्मा लावून नीट पाहिलं, त्याला उचललं, तोंड भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं आणि दिवा मालवला.