कोकणकडा एका फ्रेममध्ये मावत नाही

हरिश्चंद्रगडावर माझी ही तिसरी खेप, आणि यावेळी गड बघायला नाही तर कोकणकड्याचा एक नीट पॅनोरमा काढायला गेलो होतो. मागच्या वेळी कॅमेरा हातात धरून, कमरेतून वळत वळत दहाबारा फोटो मारले, घरी येऊन जोडले तर लांबचे डोंगर मस्त जुळले पण पायाजवळचा कातळ तीन ठिकाणी तुटला, म्हणजे एक भेग सरळ येते आणि मधेच वीतभर बाजूला सरकून पुढे चालू होते. वर पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर लावलेला, त्यामुळे आकाशात मधोमध गडद निळा पट्टा. तो फोटो कुणाला दाखवलाच नाही.

एक डोळा मिटून समोर बोट धरा, मग तो उघडून दुसरा मिटा, बोट मागच्या भिंतीवर सरकलेलं दिसतं ना, तेच कॅमेऱ्याचं होतं. ट्रायपॉडचा स्क्रू बॉडीखाली असतो, म्हणून कॅमेरा फिरवला की लेन्स पुढे गोल फिरते आणि जवळची वस्तू लांबच्या वस्तूसमोरून सरकते. नुसते लांबचे डोंगर असतील तर हाताने काढलं तरी चालून जातं, पण कोकणकड्यावर पायाशी कातळ आणि पुढे एकदम खाली कोकण, मधे काहीच नाही. म्हणून यावेळी नोडल स्लाइड घेतली, म्हणजे ट्रायपॉडवर बसणारी एक पट्टी, तिच्यावर कॅमेरा मागे सरकवायचा, फिरण्याचा आस लेन्समधल्या नो-पॅरलॅक्स पॉइंटखाली येईपर्यंत, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवलं की जवळचं लांबच्यासमोरून सरकत नाही तो. तो पॉइंट घरीच शोधला. खिडकीचा गज आणि समोरच्या बिल्डिंगवरचा अँटेना एका रेषेत धरला, कॅमेरा डावीउजवीकडे फिरवून बघितला, गज अँटेनावरून हलायचा थांबला तिथे पट्टीवर नेलपॉलिशची खूण केली. झूम बदललं की ही खूण बदलते, म्हणून १८ एमएम ठरवलं आणि झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाकली.

पायथ्याच्या पाचनई गावातून निघालो, वाट सोपी आहे, दुपारी वर पोचलो. केदारेश्वराच्या गुहेत गेलो, कमरेएवढ्या गार पाण्यातलं ते शिवलिंग आणि चारातला उरलेला एकच खांब, कितीही वेळा बघितलं तरी तिथे आवाज आपोआप खाली येतो.

चारला कड्यावर. इथे मला जे कळलं ते कुठल्याच ट्युटोरियलमध्ये वाचलं नव्हतं. कडा वाटीसारखा आत वळलेला आहे, आणि तुम्ही वाटीच्या मधोमध उभं राहून पॅनोरमा काढलात तर ती वाटीच नाहीशी होते, सरळ भिंत दिसते, कारण दोन्ही बाजू तुमच्याभोवती गोल असतात आणि पॅनोरमा तो गोल उलगडून सपाट करतो. डोळ्यांना जाणवणारी खोली फोटोत येतच नाही. म्हणून मी एका टोकाला गेलो, तिथून समोरच्या बाजूचा बाक पूर्ण दिसतो. काठापासून चांगला मागे ट्रायपॉड लावला, खालून वर येणारा वारा भयंकर असतो, बॅग खाली लटकवली.

कॅमेरा उभा, दर ३० अंशाला एक फ्रेम, अशा सात. उभ्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, १८ एमएम लेन्सला आडवं साधारण ४५ अंश दिसतं, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सारखा येतो, जोडायला तेवढा हवाच. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा. कडा पश्चिमेकडे बघतो म्हणून संध्याकाळी सूर्य फ्रेममध्येच येतो, तर प्रत्येक जागी गडद, मध्यम, उजळ असे तेच ठरवलेले तीन एक्स्पोजर, एकूण २१ फोटो. सुरुवातीला आणि शेवटी स्वतःच्या हाताचा एकेक फोटो, म्हणजे घरी कुठला सेट कुठे संपला ते कळतं.

सकाळी पुन्हा गेलो, सूर्य पाठीशी आणि दरी धुक्याने भरलेली. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला इथेच इंद्रवज्र दिसलं होतं, ते गोल इंद्रधनुष्य. मला नाही दिसलं, पण धुक्यावर कड्याची सावली पडली होती, तिचाही सेट काढला.

घरी ह्यूजिन या पॅनोरमा जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलं. सॉफ्टवेअर आपोआप कंट्रोल पॉइंट, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममधले सारखे बिंदू, शोधताना धुक्यावरही टाकतं आणि धुकं तर दर फ्रेममध्ये हललेलं, म्हणून ते सगळे काढले आणि कातळाच्या भेगांवर हाताने टाकले. प्रोजेक्शन, म्हणजे गोल दृश्य सपाट करायची पद्धत, सिलिंड्रिकल; सरळ रेषा सरळ ठेवणारं रेक्टिलिनियर १८० अंशांच्या आतच चालतं आणि त्यातही रुंद चित्राच्या बाजू ताणल्या जातात. एक ट्रेकर दोन फ्रेममध्ये दोनदा आला होता, त्याला एका फ्रेममध्ये मास्क केलं, म्हणजे झाकून टाकलं.

आणि ती पायाजवळची भेग यावेळी डावीकडून उजवीकडे अखंड गेली. शंभर टक्क्यांवर झूम करून किती वेळ तीच बघत बसलो होतो. क्रॉप करताना खालच्या कोपऱ्यातला वाळक्या गवताचा एक तुरा जात होता, तो ठेवण्यासाठी वरचं थोडं आकाश सोडून दिलं.