मिस्सेला येतात, पण रांगेत येत नाहीत

इथे जर्मनीत आमच्या कॅथलिक चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एक निवृत्त इंजिनियर आजोबा बसतात. गायन खड्या आवाजात, शुभवर्तमानाच्या वाचनाला सर्वांआधी उभे. ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून दिल्या जाणाऱ्या भाकरीची, रांग लागली की मात्र पाय आखडून घेतात, शेजारच्यांना वाट देतात आणि बसून राहतात. परवा मिस्सेनंतर (चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर) कॉफी घेताना त्यांनीच सांगितलं, ‘मी चर्चमधून नाव काढून घेतलंय. मला प्रसाद घेता येत नाही.’ पाऊस येईलसं वाटतंय, इतक्या सहज.

नाव काढून घेणं ही इथली भानगड अशी. जर्मनीत राहायला आलात की नगरपालिकेच्या नोंदणीत धर्माचाही रकाना असतो. तिथे ‘कॅथलिक’ लिहिलंत की पगाराच्या स्लिपवर आयकराखाली चर्चकराची ओळ उगवते. आमच्या नॉर्थ राइन-वेस्टफालियात ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८. आकडा ऐकून घाबरू नका, हे टक्के पगाराचे नाहीत, आयकराचे. प्रोटेस्टंटांनाही हाच नियम. नको असेल तर कोर्टाच्या कचेरीत जायचं, ३० युरो भरायचे, सही ठोकायची. फादरांना तोंडसुद्धा दाखवावं लागत नाही.

आणि मग २०१२चा तो फतवा. जर्मन बिशपांनी त्या वर्षी ठरवून टाकलं की असं नाव काढणाऱ्याला पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) नाही. मरणाच्या दारात असेल तर गोष्ट वेगळी. कुणाच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर होता येणार नाही, आणि पश्चात्तापाची काहीच खूण दिसली नाही तर चर्चचा अंत्यविधीही नाकारता येतो.

मी हे घरी येऊन पुन्हा वाचलं आणि माझं डोकं फिरलं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्याला काय घोकून घेतलं होतं? स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, ठसा पुसता येत नाही. पाप करा, पळून जा, देव नाही म्हणून ओरडा, ठसा आहे तिथेच. कृपा फुकट असते, म्हणून तर ती कृपा. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो शिमोन जादूगार पैसे घेऊन येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे येतो, पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य मलाही विकत द्या म्हणतो. पेत्र त्याला सांगतो, तुझा पैसा तुझ्यासकट नाश पावो. चर्चमधल्या पदांच्या खरेदी-विक्रीच्या पापाला याच शिमोनाचं नाव पडलं. आता पैसे दिले म्हणून कृपा मिळत नसेल, तर पैसे थांबवले म्हणून ती अडते कशी?

चर्चच्या कायदेपंडितांकडे उत्तर आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. शिक्षा कर चुकवल्याची नाही म्हणतात, ‘मी या मंडळीचा नाही’ असं सरकारी अधिकाऱ्यासमोर जाहीर केल्याची आहे. ज्याला आयकरच लागत नाही त्याला चर्चकरही शून्य, तरी तो पूर्ण सदस्य. म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानातल्या त्या गरीब विधवेला इथे एक सेंटही द्यावा लागला नसता. (तिने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्टही मग घडली नसती, ते सोडा.) युक्तिवाद बिनचूक आहे. फक्त तो शेवटच्या बाकावरच्या माणसाला लागू करून बघा.

कारण आजोबांचा राग पैशांवर नाहीच. २०१८मध्ये बिशपांनीच नेमलेल्या संशोधकांचा अहवाल आला. १९४६ ते २०१४ या काळातल्या चर्चच्या फायलींत लैंगिक अत्याचाराचे किमान ३६७७ बळी आणि १६७० आरोपी धर्मगुरू व धर्मसेवक सापडले. त्यानंतर आजोबांनी नाव काढण्याची सही केली. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी केली. बाकीचे बहुतेक परत फिरकलेच नसतील. आजोबा दर रविवारी येतात, म्हणून शिक्षा नेमकी त्यांनाच जाणवते.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बघा, भारतातल्या आपल्या चर्चचं बरं. पिशवी फिरते, ज्याला जे जमेल ते टाकतो. खरंय, आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण सणाच्या देणगीदारांची यादी रकमेसकट वाचून दाखवतात, तेव्हा उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे वचन कुठे जातं? आणि हिशेब? २०१३मध्ये इथल्या लिम्बुर्ग धर्मप्रांताच्या बिशपांच्या निवासाच्या संकुलावर तीन कोटींहून जास्त युरो उडाल्याचं बाहेर आलं, केवढा गदारोळ झाला. बिशपांना जावं लागलं, आणि धर्मप्रांतांचे ताळेबंद लोकांसमोर येऊ लागले. आता मी घरी बसून ते वाचू शकते. आपल्याकडे हिशेब विचारला की ‘फादरांवर विश्वास नाही का?’ असा उलटा प्रश्न येतो. शिवाय मिसेरिऑरसारख्या इथल्या कॅथलिक संस्था भारतातल्या कामांना वर्षानुवर्षं पैसे पुरवत आल्यात, त्यात चर्चच्या तिजोरीचाही वाटा असतो. जर्मन चर्चच्या श्रीमंतीला नावं ठेवताना आपण ते सोयीस्कर विसरतो.

एवढं सगळं आहे तर तू का भरतेस, असं बहीण फोनवर विचारत होती. मी तिला मिसेरिऑर सांगितलं, ताळेबंद सांगितले, आयकराच्या विवरणात हा कर वजा मिळतो तेही सांगितलं. खरं कारण साधं आहे. पुढच्या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी लेकीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद, आहे. ती वेदीपाशी असताना मी बाकावर पाय आखडून बसावं, हे मला जमणार नाही. पेत्राने शिमोनाला काय सुनावलं ते ठाऊक असूनही मी ते नऊ टक्के कापू देते.