डॉक मेनार्डचे वाकडे रस्ते

सिअॅटलच्या डाउनटाउनमधून पायोनियर स्क्वेअरकडे आलात की यस्लर वे हा रस्ता ओलांडताना स्टिअरिंग उगाचच थोडं वळवावं लागतं, कारण उत्तरेचे रस्ते तिरके आणि दक्षिणेचे सरळ, शिंप्याने दोन वेगळ्या थानांची कापडं घाईत जोडावीत तसं. याचं बिल फाडलं जातं डॉ. डेव्हिड मेनार्डच्या नावावर. डॉक म्हणायचे त्याला.

1853 च्या मे महिन्यात गावाचे नकाशे दाखल झाले तेव्हा आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन या गावच्या पहिल्या रहिवाशांनी किनाऱ्याच्या कलाने रस्ते आखले होते, आणि दक्षिणेकडच्या आपल्या जमिनीवर डॉकचं म्हणणं उत्तर म्हणजे उत्तर, कुणी माघारच घेईना. दारूला न शिवणाऱ्या डेनीने पुढे लिहून ठेवलं की त्या दिवशी डॉक्टरसाहेबांची जरा जास्त झाली होती. डॉक प्यायचा हे खरंच, पण मला विचाराल तर होकायंत्र धरून रेघा मारणारा माणूस त्यातल्या त्यात शुद्धीवरच असणार ना!

जन्म 1808 चा, व्हर्माँटचा. ओहायोत डॉक्टरकी केली, 1837 च्या मंदीनंतर कर्जात बुडाला आणि 1850 साली बायको लिडियाला मागे ठेवून पश्चिमेला निघाला. वाटेत कॉलऱ्याची साथ, हा पेशंट तपासत चाललाय, त्यात कॅथरिन नावाच्या बाईचा नवरा गेला तर हा तिचीच गाडी हाकत पुढे आला आणि अर्थातच तिच्या प्रेमात पडला. मग लाकडं तोडून सॅन फ्रान्सिस्कोला विकली, त्या पैशातून ऑलिंपियात दुकान टाकलं, भाव इतके पाडले की बाकीचे दुकानदार वैतागले. शेवटी 1852 मध्ये बाडबिस्तरा उचलून या नव्या वस्तीत आला आणि इथल्या आदिवासींचा प्रमुख सिअॅटल, जो याचा जिवलग दोस्त, त्याचंच नाव गावाला द्यायला लावलं. खारवलेला सामन मासा पिंपं भरून पाठवला, तो वाटेत सडला. यस्लरची वाफेवरची लाकूडगिरणी गावात यावी म्हणून स्वतःच्या जमिनीची हद्द मागे घेतली. 1863 मध्ये कॅथरिनला नर्स करून हॉस्पिटल काढलं, तिथे आदिवासींनाही घ्यायचा, हे गोऱ्यांना फारसं आवडायचं नाही.

आपल्याकडे अशा माणसाला सरळ एक ना धड भाराभर चिंध्या म्हणून मोकळे होतात. पण राजकारणात गडी पक्का होता. 1852 च्या डिसेंबरात ओरेगनच्या विधिमंडळाकडून (सिअॅटल तेव्हा ओरेगन प्रदेशातच होतं) किंग काउंटी, म्हणजे सिअॅटलचा जिल्हा, वेगळी करून घेतली आणि त्याच अधिवेशनात लिडियापासून घटस्फोटही पास करून घेतला, तिला न विचारता! लगेच पुढच्या महिन्यात कॅथरिनशी लग्न.

इथेच गोची झाली. तेव्हा सरकार वस्ती करायला आलेल्या एकट्याला 320 एकर जमीन द्यायचं, जोडप्याला 640. मग बायकोच्या वाटणीची जमीन नेमकी कुठल्या बायकोची? लिडिया खरंच सिअॅटलला आली, या दोघांच्याच घरी उतरली म्हणे. जमीन खात्याने निकाल दिला की दोघींपैकी कुणाचीच नाही, अर्धी जमीन सरकारजमा. 1873 मध्ये डॉक गेला, तरी लिडियाच्या मुलांनी केस सुप्रीम कोर्टापर्यंत नेली आणि 1888 मध्ये कोर्ट म्हणालं घटस्फोट एकदम कायदेशीर, म्हणजे मुलांच्या हातात काहीच नाही.