१७ नंबरच्या तलंगेने केला घोळ

मागच्या नोंदीत आनंदाने लिहिलं होतं की कोचिन (पायांवर पिसं असणारी कोंबडीची जात) × वायनडॉट (बिनपिसांच्या पायांची जात) या संकराच्या दुसऱ्या पिढीत 48 पिल्लांपैकी 4 साफ, म्हणजे बिनपिसांच्या पायांची निघाली. पायावर पिसं आणणारं एकच प्रभावी जनुक (एक प्रत असली तरी परिणाम दाखवणारं) असतं तर 12 निघायला हवी होती आणि दोन असतील तर 3. म्हणजे दोन जनुकांचा अंदाज बरोबर, असं धरून चाललो होतो.

परवा त्या साफ ठरवलेल्यांपैकी १७ नंबरच्या तलंगेला (तरुण कोंबडीला) हातात घेतलं आणि तिच्या डाव्या पायाच्या नळीवर बाहेरच्या बाजूला माझ्या बोटाला पिसाचा खुंट लागला. एकच, तांदळाच्या दाण्याएवढा! रात्रभर डोक्यात तेच. खुंट म्हणजे शुद्ध साफ पायाची एखादी किरकोळ लकब, की जनुक आत दडून बसलंय?

तिची चाचणी जोडी शुद्ध वायनडॉट कोंबड्याशी आधीच लावलेली होती. 12 अंडी उबवायला ठेवली, 9 पिल्लं निघाली, आणि 4 पिल्लांच्या बाहेरच्या बोटावर स्पष्ट लव. कोंबडा साफ, तरी निम्म्याच्या आसपास पिल्लांना लव, म्हणजे तिच्यात बहुधा एका जनुकाची एक प्रत आहे.

मग तिचा जन्मदिवसाचा फोटो मोठा करून पाहिला. बाहेरच्या बोटाच्या मुळाशी चार-पाच केसांची पिवळी लव, ओलसर आणि कातडीला चिकटलेली. पिल्लू पूर्ण वाळायच्या आत मी "साफ" लिहून मोकळा झालो होतो. त्यामुळे आता नियम एकच: पिल्लू वाळून फुललं की दहापट भिंगाखाली दोन्ही पाय पाहायचे आणि मगच वहीत लिहायचं. वाढलेल्या पक्ष्यावरून ठरवायचं नाही, कारण एखादं पीस गळलेलं किंवा दुसऱ्या कोंबडीने उपटलेलं असू शकतं.

गंमत अशी की १७ बाद केल्यावर आकडा बरोबर 48 पैकी 3 होतो, म्हणजे 15 पिसांच्या पायांची तर 1 साफ, दोन जनुकांचं नेमकं प्रमाण! 2020 च्या संशोधनात पिसांच्या पायांचा संबंध पिटएक्स1 आणि टीबीएक्स5 या जनुकांजवळच्या बदलांशी जोडला गेला. ही दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, 13 आणि 15 वर, असल्याने ती स्वतंत्रपणे वाटली जातात. टीबीएक्स5 एरवी पंखाच्या बाजूचं काम पाहतं, हे आठवलं की पायावरची ती पिसं वेगळीच दिसू लागतात.

३१ नंबरचा कोंबडा मात्र खणखणीत साफ निघाला: वायनडॉट माद्यांपासून 11 पिल्लं, 11 ही साफ. पिसांच्या जनुकाची एक जरी प्रत असती तर असं व्हायची शक्यता 2048 त एक.

 

१७ ला कळपातून काढायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता सुचलं की तिच्या त्या लव असलेल्या 4 पिल्लांत बहुधा एकच जनुक आहे. ती आपसात जोडली की त्या जनुकाचं एकट्याचं रूप दिसेल: पिसं मधल्या बोटापर्यंत जातात का बाहेरच्यावरच थांबतात. त्या चौघांना आजच वेगळ्या खुराड्यात हलवलं.